एक लांब, दोन आखूड

केडगाव, ९ फेब्रुवारी १९९८

पंकज,

जयभीम. हे पत्र कॉम्प्युटरबद्दल आहे. दुसरं काही त्यात नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाचायला हरकत नसावी.

तू जोडलेला कॉम्प्युटर मी डिसेंबरपासून वापरायला घेतला. तू पुण्याला निघून गेलास तेव्हा तुझ्या आईने त्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती, ती मीच काढली. टायपिंग शिकतो आहे. कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर, याचा तू भिंतीला चिकटवलेला तक्ता अजून आहे. बरं चाललं होतं. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. आतून शिट्ट्या आल्या. एक लांब, दोन आखूड. मग गप्प.

पेटी रिक्षात घालून नगरला गोरक्षच्या दुकानात नेली. गोरक्ष तुझ्याच वर्गातला, आता कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आहे. त्याने पेटी उघडायच्या आधी नुसत्या शिट्ट्या ऐकल्या आणि म्हणाला, "सर, डिस्प्ले कार्ड गेलं. बाकी सगळं जिवंत आहे."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे आत डोकं चालू आहे, पडद्यावर काही येत नाही. पडद्याकडे पाठवणारं हे कार्ड असतं ना, ते मेलं."

त्याने नवं कार्ड घातलं. घरी आणलं, मॉनिटर जोडला, चाललं. आठवडाभराने पुन्हा एक लांब, दोन आखूड. त्याने वॉरंटीत बदलून दिलं. ते परवा गेलं. गंमत अशी की ही कार्डं त्याच्या दुकानात उत्तम चालतात आणि आपल्या घरात येऊन मरतात. गोरक्ष म्हणाला, "सर, आता कॉम्प्युटरलाच विचारा, त्याचा तुमच्यावर कसला राग आहे ते."

पूर्वी मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्याला यंत्र आणि राग या विषयावर तासभर ऐकवलं असतं, आणि गिऱ्हाइकं गोळा झाली असती. परवा पिशवी उचलून रिक्षात बसलो. घसा बसलेला आहे. दिवाळीनंतरच्या सभांपासून बसला तो बसलाच. पुण्याला एका मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलो. तुझा पत्ता खिशात होता. तिकडे आलो नाही.

कार्ड पुन्हा पुन्हा का जातं, एवढंच कळव.

पाकिटावर मी 'पंकज कचरू' एवढंच लिहिलं आहे. तू गॅझेटात छापून घेतलेलं आडनाव माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. खाली तुझ्या कंपनीचं नाव आहे, तेव्हा पोचेल.

कचरू भिवाजी भिंगारदिवे


केडगाव, २७ फेब्रुवारी १९९८

पंकज,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड म्हणतो मी. सात ओळी आहेत, सातही प्रश्नचिन्हाने संपतात. विचारलं आहेस त्या क्रमाने उत्तरं देतो.

कार्ड खाचेत पूर्ण बसलेलं असतं, मी दाबून पाहिलं. धूळ नाही, तुझी आई रोज पुसते. पंखा फिरतो. लाईट जाते-येते, पण ती सगळ्या गल्लीची जाते आणि गल्लीतले टीव्ही चालू आहेत. मॉनिटर त्याच्या स्टॅबिलायझरवर आहे, खिडकीजवळच्या बोर्डावर; सीपीयू दाराजवळच्या बोर्डावर, तू लावला होतास तसाच. आणि सहावं: तू न्हाणीतल्या नळाच्या पाइपाला अर्थिंगची हिरवी तार बांधली होतीस, ती बांधलेली आहे का? हो. मी स्वतः जाऊन पाहिलं. तार पाइपाला घट्ट बांधलेली आहे. ओढून पाहिली, हलत नाही.

शेवटी लिहिलं आहेस, "एवढी घाई कशाची?" तेही सांगतो.

स्वरयंत्रावर गाठ आहे. तपासणीला तुकडा पाठवला होता, त्याचा निकाल वाईट आला. स्वरयंत्र काढावं लागणार. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशन जयंतीनंतरच्या आठवड्यात ठरलं आहे. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या दिनदर्शिकेकडे बघत होतो. तिच्यावर केरळमधल्या होड्यांचं चित्र होतं. मला काही झालं नाही. राग नाही, भीती नाही. डॉक्टरांना वाटलं मला समजलं नसेल, त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, समजलं. आयुष्यभर मी लोकांना ओरडून सांगत आलो की बधिर होऊ नका. तो शब्द मी किती सभांत वापरला असेल. आता कळतं, त्यात कष्ट काहीच नाहीत. आपोआप होतं.

आता कॉम्प्युटर कशाला ते. तुझी आई साक्षरता वर्गात वाचायला शिकली, ते मोठ्या छापील अक्षरांवर. हाताचं अक्षर तिला अजून वाचता येत नाही. माझं तर नाहीच. परवा मी पाटीवर लिहून दाखवलं, "चहा नको." ती म्हणाली, "हे काय कोंबडीनं उकरलंय व्हय?" पण पडद्यावर मोठ्या आकारात टाइप केलं की ती बोट ठेवून वाचते, अडखळत, पण वाचते. डिसेंबरमध्ये मी पहिलं वाक्य टाइप केलं होतं, "कलाबाई, वांग्यात मीठ जास्त आहे." तिने वाचलं आणि म्हणाली, "येवढं यंत्र घेऊन ह्येच बोलायचं हुतं का?"

ऑपरेशननंतर घरात माझं बोलणं या पडद्यावरच होणार आहे. तेव्हा घाई आहे.


केडगाव, १८ मार्च १९९८

पंकज,

तू सांगितल्याप्रमाणे जास्त दमाचं, दुसऱ्या बनावटीचं कार्ड गोरक्षकडून मागवून घेतलं. पेटीच्या बाजूचं झाकण उघडं ठेवलं, म्हणजे आत वारा खेळेल. सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम केलं. तुझी आई तीन दिवस अक्षरांवर बोट ठेवून वाचत होती. चौथ्या दिवशी मॉनिटरची केबल सैल वाटली म्हणून काढून परत लावली, बारीक ठिणगी उडाल्यासारखी वाटली, आणि पडदा गेला. एक लांब, दोन आखूड.

गोरक्षने हात जोडले. "सर, तुम्ही माझे गुरुजी. पण आता पाचवं कार्ड मी तुमच्या घरात पाठवणार नाही. दोष तुमच्या घरात आहे. तुम्ही शोधा, नाहीतर पंकजला बोलवा. तो काय चंद्रावर आहे का? पुण्याला तर आहे."

मीही त्याला नुसते हात जोडले. आता वाक्य फार तोलून खर्च करावं लागतं, दुपारनंतर नुसती हवा येते.

तुझ्या आईचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, "ही पेटी चावती."

मी म्हटलं, "चावते म्हणजे?"

"फडक्यानं पुसाया गेलं की हाताला मुंग्या येत्यात. लई न्हाई, जराशा. आदी येत न्हवत्या. म्या तर आता पायाखाली पोतं घालून पुसते."

मी म्हटलं, तुझा हात ओला असेल. ती म्हणाली, "माजा हात तुमच्यापरीस म्या जास्त वळखते." हे तुला सांगावं की नाही असा विचार केला, मग लिहिलं. तुझ्या उपयोगाचं असलं तर बघ.

परवा जयंती कमिटीची पोरं आली होती. "सर, या वर्षी शेवटचं एक भाषण द्या. पाच मिनिटं. माइक एकदम तोंडाशी धरू." शेवटचं हा शब्द त्यांनी किती सहज वापरला. मी मान हलवली, नाही. डॉक्टरांनी बंदी केली आहे, असं कारण सांगितलं. खरं म्हणजे बोलावं असं काही आत उरलेलं दिसत नाही. उभा राहिलो असतो तर पाच मिनिटं माइकसमोर उभा राहून खाली बसलो असतो.

गेल्या वर्षीच्या जयंतीचं भाषण तुला आठवत असेलच, तू तिसऱ्या रांगेत बसला होतास. "आमच्या आडनावातले दिवे विझवून काही लोकांनी कर लावून घेतला आहे. आणि हा कर ते रोज भरतात, कचेरीत भरतात, भाड्याच्या घरात भरतात." टाळ्या खूप पडल्या. भिंगारदिवेचा भिंगारकर झालेल्या माणसाचं नाव मी घेतलं नव्हतं, घ्यायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलास. ती कोटी चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते. पुण्यात त्या आडनावाला घर मिळत नव्हतं, हे तू मला आधी सांगितलं होतंस आणि माझं उत्तरही मी दिलं होतं: ज्या घराला आपलं नाव चालत नाही, त्या घराचं भाडं आपण का भरायचं? ते उत्तर अजून तेच आहे.

तुझी आई आत्ता शेजारी बसली आहे. विचारते आहे, "त्याला या म्हून लिव्हलं का?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते तिला कळलं नाही. उठून चुलीकडे गेली.

फोनचं विचारलं होतंस. नको. बूथवर लोक असतात आणि या आवाजात मी बोललो तर पलीकडून तू "कोण बोलतंय?" असं विचारशील.


केडगाव, २ एप्रिल १९९८

पंकज,

तुझं पाकीट मिळालं. या वेळी पत्र दोन पानी आहे. वरती 'दादा' असं लिहिलं आहेस, ते वाचलं.

मुंग्यांवरून तू ओळखलंस, असं दिसतं. तू लिहिलंस: कुणाला विचारू नका, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मेन स्विच बंद करा आणि दाराजवळच्या बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकातून निघणारी हिरवी तार हाताने धरून शेवटपर्यंत जा. ती जिथे संपते तिथे काय आहे, ते लिहा.

तसं केलं. तार बोर्डातून निघते, खिडकीच्या चौकटीवरून बाहेर जाते, भिंतीला खिळ्यांनी धरलेली आहे, न्हाणीच्या पत्र्याखालून आत येते आणि नळाच्या पाइपाला बांधलेली आहे. पाच वेढे, वर पीळ, त्यावर काळी टेप. घट्ट. तुला आधी कळवलं होतं ते खोटं नव्हतं.

पाइप प्लास्टिकचा आहे.

तार उत्तम बांधली होती आणि ती कुठेच जात नव्हती.

आता ते कसं झालं, तेही लिहितो, कारण तुला ते माहीत असायचं कारण नाही. नोव्हेंबरात आपल्या वस्तीला नवी पाइपलाइन आली. तुझ्या लहानपणीचे ते गंजलेले लोखंडी पाइप, ज्यातून तांबडं पाणी यायचं, ते काढून टाकले. मोर्चा मी नेला होता. दोन महिने मी त्याच विषयावर बोलत होतो, सकाळी वस्तीत, संध्याकाळी नगरला. शेवटच्या सभेत मी म्हणालो होतो, "हे सडलेलं लोखंड आमच्या दारातून मुळासकट उपटून काढा, आम्हाला याचा एक तुकडाही नको!" लोकांनी घोषणा दिल्या. आणि खरंच एक तुकडाही ठेवला नाही. घसा बसला तो त्याच सभेत.

नळ बसवणारा पुंजाराम, आपल्या मागच्या गल्लीतला. त्याला आज बोलावून तार दाखवली. तो म्हणाला, "सर, आधी जिथं बांधली हुती तिथंच परत बांधली की. तुमची वस्तू, मी कशाला टाकून देऊ? उलट टेप माज्या पदरची मारली."

मी म्हटलं, "पाइप प्लास्टिकचा आहे."

"व्हय, एक नंबर माल हाय. गंजायचा न्हाई."

त्याला मी पाठवून दिलं. तुझी आई मात्र दारात उभी होती, ती मला म्हणाली, "पंकजला काय ठावं, नळ बदलल्याला? तुमी सांगितलं व्हय कदी? वरीस झालं, त्याला काय सांगितलं तुमी?"

तुझ्या पत्रातलं पुढचं मी दोनदा वाचून समजून घेतलं. प्रत्येक यंत्रात थोडी वीज उरते आणि ती पत्र्याच्या पेटीवर येऊन बसते. तिला जमिनीत जायला वाट हवी. सीपीयू एका बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर, दोघांनाही जमीन नाही. मग दोघांना जोडणारी वाट एकच उरते, मॉनिटरची केबल. आणि केबल जिथे घुसते तिथे डिस्प्ले कार्ड. प्रत्येक वेळी मी केबल चालू विजेत काढून लावायचो, आणि दोन्ही पेट्यांवरचं सगळं त्या एका कार्डातून जायचं. नोव्हेंबरात पाइप गेला, संक्रांतीला पहिलं कार्ड गेलं. आधी ते गेलं नाही, कारण डिसेंबरपर्यंत कॉम्प्युटरवर चादर होती.

म्हणजे चार कार्डं माझ्या मोर्च्याने मारली. हे मी सभेत सांगितलं असतं तर हशा पिकला असता. आत्ता लिहिताना हसू येत नाही. रडूही येत नाही. पाणी स्वच्छ येतं, एवढं मात्र खरं.

खड्डा कसा करायचा ते तू चित्र काढून दिलं आहेस. तसा करतो.


केडगाव, १२ एप्रिल १९९८

पंकज,

खड्डा झाला. कसा झाला ते ऐक.

न्हाणीच्या मागे, सांडपाणी जिरतं त्या जागी खणायला घेतलं. तू चार फूट सांगितलं होतंस. मुरूम लागला, पहारीने फोडला. मी थोडा खणायचो, बसायचो. तुझी आई माती उपसत होती. तिने कोळशाचं पोतं आणि जाडं मीठ आणून ठेवलं होतं. तू लिहिलं होतंस, तांब्याचा पत्रा मिळाला तर उत्तम. मी नगरला जायला निघालो तर ती म्हणाली, "त्यो भिंतीवरचा घाला की. तांब्याचाच हाय." वक्तृत्वाबद्दल मला संगमनेरच्या सभेत दिलेला तो ताम्रपट. मी म्हटलं, त्यावर अक्षरं कोरलेली आहेत. "मग? जिमिनीला काय वाचाया येतंय?" तिने तो खिळ्यावरून काढून आणला. भोक पाडलं, तार नटबोल्टने आवळली, पत्रा उभा ठेवला. मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा.

एवढ्यात कुंपणापलीकडे माणसं जमायला लागली. आधी पुंजाराम. मग त्याची बायको. मग मागच्या गल्लीतल्या राहीबाई. मग बरेच जण. सगळे नुसते बघत होते. मला कळेना काय झालं. मग राहीबाई तुझ्या आईला हळूच म्हणाल्या, "कला, कुनी सांगितलं गं हे? कुटला देवऋषी हाय? माज्या सुनंला पन दाखवायची हाय."

पंकज, तू बघ. गळ्याला गाठ झालेला माणूस. ऑपरेशन आठवड्यावर आलेलं. आणि तो न्हाणीमागे खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याचा कोरलेला पत्रा पुरतो आहे, वरून बायको तांब्याने पाणी ओतते आहे. याच गल्लीत मी तीस वर्षं सांगत आलो की मीठ-मिरची ओवाळू नका, लिंबू-कोळसा दाराशी टाकू नका, देवऋष्याला उंबरा चढू देऊ नका. पुंजाराम म्हणाला, "असू द्या सर. जिवावर आल्यावर समदे करत्यात. आमी कुनाला सांगनार न्हाई." त्याच्या आवाजात इतकी माया होती.

मला राग आला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा काहीतरी आलं. पायांपासून वर चढत आलं, ओळखीचं होतं. मी पहारीला धरून मातीच्या ढिगावर उभा राहिलो. तुझी आई म्हणाली, "बोलू नगा, डाक्टरनं सांगितलंय." मी बोललो.

आवाज फाटका होता, मागच्यांना ऐकू जात नव्हतं, म्हणून ते कुंपणाच्या आत आले. मी म्हणालो, "हे अर्थिंग आहे. करणी नाही, उतारा नाही, गळ्याशी याचा संबंध नाही. घरात वीज येते, ती सगळी वापरली जात नाही. उरते, पत्र्यावर बसते. तिला जमिनीत जायला वाट द्यावी लागते. मीठ आणि कोळसा ओल धरतात, ओल असली की वाट चांगली. आपल्या सगळ्यांच्या घरातल्या तारा जुन्या नळाच्या पाइपाला बांधलेल्या होत्या. पाइप आपण उपटले. चांगलं केलं. पण तारांचं काय झालं, हे कुणी पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. घरी जा आणि आपापली तार कुठे संपते ते हाताने धरून बघा. लेकरं फ्रीजला, टीव्हीला हात लावतात. आज बघा, उद्या नाही."

एवढंच. पुढचं वाक्य काढायला गेलो तर नुसती शीळ आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राहीबाई म्हणाल्या, "आमच्या मिक्सरला बी मुंग्या येत्यात की!" पुंजारामने तोंडाला हात लावला. सगळ्या वस्तीचे नळ त्यानेच बसवले होते. "आयला, म्हंजी मी लई ठिकानी अशीच बांधली," म्हणाला आणि तसाच निघाला. त्याच्यामागे सगळे गेले. संध्याकाळपर्यंत मागच्या गल्लीतून पहारीचे आवाज येत होते.

जयंतीला मी भाषण करणार नाही. झालं ते झालं.

गोरक्षने पाचवं कार्ड दिलं, स्वतः घेऊन आला. दोन्ही पेट्या एकाच बोर्डावर लावल्या. वीज बंद करून केबल जोडली. टेस्टर पेटीला लावला, दिवा लागला नाही. तुझ्या आईने पोतं बाजूला करून अनवाणी पायाने पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गप हाय." बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी आली आणि पडदा उजळला.

तू सुट्टी टाकली आहेस असं लिहिलंस. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी थेट दवाखान्यात येशील, असं लिहिलंस. ये. आईला घेऊन मी आदल्या दिवशी पोचतो.


केडगाव, १० मे १९९८

पंकज,

हे पत्र टाइप केलेलं आहे. प्रिंटर गोरक्षचा, आपल्याकडे नाही, फ्लॉपी पाठवून काढून आणलं. चुका राहिल्या असतील. कार्ड चालू आहे.

गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास जातो-येतो. जखम भरते आहे. तुझी आई पडद्यावरचं आता बोट न ठेवता वाचते, पण मी लांबलचक वाक्य लिहिलं की वैतागते. "भाषान नगं, काय पायजे ते लिव्हा." म्हणून छोटी वाक्यं लिहायला शिकतो आहे. या वयात.

तू पंधरा दिवस दवाखान्यात होतास. आपण काही बोललो नाही. आधी मी बोलू शकत होतो तेव्हा तू काउंटरवर होतास, नंतर तू बोललास तेव्हा मला बोलता येत नव्हतं. तू माझ्या पाठीला उशी लावलीस, नळी साफ करायला शिकलास. हे मी पाहिलं आहे.

माझं मत बदललेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. तू नाव बदलायला नको होतंस. ज्यांनी घर नाकारलं त्यांनी बदलायला हवं होतं, तू नाही. हे मी पुन्हा उभा राहिलो असतो तर पुन्हा बोललो असतो, आणि आता उभा राहणार नाही म्हणून टाइप करतो आहे. यावर तुला काय म्हणायचं ते तूही लिही. मी वाचेन.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. तुझी आई सांगेल असं वाटलं होतं. तिने सांगितली नाही. परवा विचारलं तर म्हणाली, "त्ये तुमचं तुमी सांगा."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तू सगळे कागद भरून खाली औषधं आणायला गेला होतास. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. बाकावर आणखी बरीच माणसं होती. सिस्टर दारात आली आणि तिने हाक मारली, "भिंगारकरांचे वडील?"

कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे.

सिस्टरने कागद डोळ्यांजवळ नेला. "पंकज भिंगारकर यांचे वडील कोण आहेत? आत घ्यायचंय."

सांगायचं वाक्य तयार होतं. माझं नाव कचरू भिवाजी भिंगारदिवे, कागद दुरुस्त करा आणि मग हाक मारा. सकाळची वेळ होती, आवाज बरा होता, तेवढं वाक्य सहज निघालं असतं. मी उभा राहिलो. सगळा व्हरांडा माझ्याकडे बघत होता, सवयीने माझी मान ताठ झाली.

मी म्हणालो, "मी."

त्यानंतर मी काही बोललेलो नाही.

सिस्टर म्हणाली, "मग पहिल्या हाकेला गप्प का बसलात, बाबा?" आणि माझ्या दंडाला धरून आत घेऊन गेली.